टेबलाची ह्यांच्याकडची बाजू

सोमवार

लेक म्हणाली, आई, कुठल्या फळीला काय लावलं ते लिहून ठेव, नाहीतर विसरशील आणि बाबांशी भांडशील. मी म्हटलं, लिहिलं तरी भांडेन. तरी वही घेतली. शाळा चौथीपर्यंत. त्यानंतर डब्यांवरच्या चिठ्ठ्या सोडून काही लिहिलेलं नाही. कुणी वाचणार नाही म्हणून लिहितेय.

आजचं असं. नाक्यावरच्या चहा-कॉफीच्या दुकानाची मालकीणबाई नमुन्याचं टेबल घेऊन परत आली. टेम्पोतून उतरवलं आणि नुसतं बोट दाखवलं. टेबलभर पांढरी वर्तुळं, जणू कुणी शून्य गिरवायला बसलं होतं. जिथे जिथे गरम कप ठेवला तिथे एक. कडेला पाण्याचा जग राहिला असणार, तिथे दुधासारखा मोठा डाग.

हे होणारच होतं. ह्यांचं लाखेचं पॉलिश. लाख स्पिरिटमध्ये विरघळवायची, कापडात कापूस गुंडाळून बोळा करायचा आणि लाकडावर फिरवत राहायचं, थरावर थर. आरशासारखं होतं, त्यात वाद नाही. पण गरम लागलं की पांढरं, पाणी राहिलं की पांढरं, आणि स्पिरिटचं काही सांडलं तर विरघळून हातात येतं. कपाट, पलंग असेल तर शोभतं. जिथे दिवसभर लोक कप आपटणार तिथे लाख कशाला, हे मी आधीच घसा फोडून सांगितलं होतं. पण ह्यांचे वडील लाख लावायचे, म्हणून हेही लावणार.

वर्तुळांचं मी समजू शकते. पण मधोमध दोन जागी बोळा थांबल्याची खूण होती. ओला बोळा लाकडावर जरा जरी थांबला तर खालचा थर उचलतो आणि खरखरीत चट्टा पडतो. म्हणून बोळा फिरता टेकवायचा आणि फिरताच उचलायचा. नवी नवरी होते तेव्हा ह्यांनीच हे मला शिकवलं, आणि मी एकदा थांबले तर हे रागाने जेवले नव्हते. आता हेच थांबतात. लक्ष कुठे होतं, विचारलं, तर उजवा हात खिशात घालून उभे. साहेब झालेत.

मालकीणबाई म्हणाली, "ताई, अजून एक नमुना द्या. टिकला तर सगळी टेबलं तुमची. नाहीतर मी कारखान्याची तयार मागवते."

दुसरं काम हातात नाही. हे गेलं तर शेडला कुलूप लावायचं आणि ह्यांनी कुठल्यातरी इमारतीच्या फाटकावर राखणीला बसायचं. हे मी ह्यांच्या तोंडावर बोलले. ह्यांच्याशी भांडणात पण मजा राहिली नाही.

मंगळवार

सुताराकडून एकाच लाकडाच्या तीन फळ्या आणल्या. ह्या सुताराला सगळे होहो म्हणतात, कारण काहीही सांगा, हो हो म्हणतो आणि वेळेवर काही देत नाही. फळ्या मात्र दिल्या. वहिनी, चहा घेता का म्हणाला. वर विचारलं, दादा का नाही आले. मी म्हटलं, दादांचा चालायचा वेग बघितलाय का, पोचेपर्यंत लाकडाला पालवी फुटेल.

एका फळीला लाख. दुसरीला डब्यातलं तेलाचं व्हार्निश, ब्रशने. तिसरीला ते नवीन, दोन डब्यांचं, एकात दुसरं मिसळायचं आणि घट्ट व्हायच्या आत संपवायचं. ते मिसळलं की डोळ्यांतून पाणी येतं. मी नाकाला फडकं बांधलं. हे डब्यावर तोंड ठेवून ढवळत होते, जसं काही खीर आहे.

फळ्यांमागे नावं ह्यांना लिहायला सांगितली, त्यांचं अक्षर चांगलं. तर पहिलं अक्षर बरं, पुढची बारीक होत होत मुंगीएवढी. मी म्हटलं, पेन्सिल वाचवताय का. मग मीच वर मोठं लिहिलं.

गुरुवार

आज खूप चिडले आहे. आधी तेच लिहिते.

व्हार्निश वाळलं की नाही ते ह्यांच्या नाकावर चालतं. बोट लावलं तर ठसा उमटतो, म्हणून आमच्याकडे बोट लावायचं नाही, वास घ्यायचा. वास गेला म्हणजे वाळलं. माझं नाक काचपेपरच्या धुळीने कायम गळतं, त्याचा काही उपयोग नाही. हे मात्र शेडच्या दारातून सांगायचे, आतलं कपाट उद्या हलवा, आज नको. कधी चुकलं नाही.

तर डब्यातल्या व्हार्निशच्या फळीवर वाकले, नीट वेळ घेऊन हुंगलं आणि म्हणाले, "वास नाही. वाळलं."

मी उकळता चहा ओतून कप ठेवला. उचलायला गेले तर कपाबरोबर फळी उचलली. चिकटली होती. ओढून काढली तेव्हा खालचं व्हार्निश पापुद्र्यासारखं निघालं. पुन्हा घासायची, पुन्हा मारायची, पुन्हा थांबायचं.

म्हटलं, नाक कुठे गहाण टाकलंत? मुद्दाम केलंत ना, लाखच बरी असं मी म्हणावं म्हणून?

हे फळीकडे बघत राहिले. नंतर ती उचलली आणि पुन्हा हुंगली. मग स्पिरिटची बाटली उघडून तीही हुंगली. मग झाकण लावायला एवढा वेळ घेतला की मीच हिसकावून घेतली.

संध्याकाळी मी बाहेर वाळत घातलेलं काढत होते, हे स्वयंपाकघरात बसले होते. दूध उतू जाऊन, आटून, पातेलं काळं. धूर खिडकीतून मला दिसला. शेजारी बसलेल्या माणसाला कळलं नाही. भिंतीकडे तोंड करून बसले होते. किती राग धरावा माणसाने.

रविवार

लेकीचा फोन. बाबांना दे म्हणाली. थोडं बोलून तिने पुन्हा मला मागितलं, म्हणाली बाबांचा आवाजच येत नाही. मी म्हटलं तुझ्या फोनला काहीतरी झालंय. तुझा येतो की, म्हणाली. माझा येणारच, माझा फोनशिवाय पण तिच्यापर्यंत पोचेल.

पुढच्या सोमवारी

फळ्या वाळल्या. ह्या वेळी मी ह्यांना विचारलं नाही, दोन दिवस जास्त ठेवल्या.

गरम कप. लाख: पांढरं वर्तुळ, ताबडतोब. डब्याचं: धुरकट गोल, थोड्या वेळाने गेला. दोन डब्यांचं: काही नाही.

ओलं फडकं दिवसभर. लाख: पांढरी. डब्याचं: बरं. दोन डब्यांचं: काही नाही.

लिंबाचा रस, तेल, मीठ-पाणी. लाख कंटाळली. बाकीचे दोघे ठीक.

दोन डब्यांच्या फळीवर मी तवा सुद्धा ठेवला, रागाने. तिथे मात्र फोड आला. तवा कोण ठेवणार म्हणा.

बुधवार

एक चांगली गोष्ट लिहायची. फळ्या स्वयंपाकघराच्या ओट्याशेजारी ठेवल्या आहेत. सकाळी पाहते तर मी न केलेल्या खुणा. चहाचे ओघळ, एक मोठं थारोळं, दोन ठिकाणी कपाचे गोल. हे काय, विचारलं. हे म्हणाले, "मी पण बघत होतो. टिकतं का."

बरं वाटलं. म्हणजे मनातून आहेत कामात. मी लिहून घेतलं, ह्यांची चाचणी, चहा, सांडून वाळू दिलेला. दोन डब्यांच्या फळीवर काही नाही.

शुक्रवार

ह्यांच्या चाचण्या रोजच्या झाल्यात. चहा, पाणी, काल आमटीसुद्धा. मी म्हटलं, पुरे आता, कळलं टिकतं ते, किती नासाडी. मान हलवली. चेहऱ्यावर मेली एक रेघ हलत नाही. पूर्वी मी बडबडले की मिशीत हसायचे, ते बघून मला अजून राग यायचा. आता तेही नाही.

शेडमधलं दिराचं कपाट आज नीट बघितलं. दीर होता इथे तेव्हा त्याने त्याला डब्यातलं व्हार्निश मारलं होतं, लाखेचे दिवस गेले म्हणत. आता ते जुन्या नखासारखं पिवळं पडलंय आणि खिडकीकडच्या बाजूला पापुद्रे सुटलेत. बोटाने ओढले तर लांबच लांब निघतात. आणि घरातलं जेवायचं टेबल, आमचं लग्न झाल्यावर ह्यांनी केलेलं, लाखेचं, लेकीपेक्षा मोठं, ते नुसतं गडद होत गेलं. त्यावर कधी कप ठेवायची सोय नव्हती म्हणा. खाली कापड घ्या, कापड घ्या, हे माझ्या मागे. लेकीने त्यावर कधी अभ्यास केला नाही, शाई सांडेल म्हणून.

हे लाखेच्या बाजूने लिहिलं गेलं. पण चहाच्या दुकानाला त्याचं काय.

शनिवार

जिंकले.

मी भांडायच्या तयारीने गेले होते. म्हटलं, नमुन्याचं टेबल दोन डब्यांच्या व्हार्निशने होणार, लाखेने नाही, मग तुम्ही काहीही म्हणा. हे म्हणाले, "बरं." मी पुढचं सगळं ठरवून आले होते ते तसंच तोंडात राहिलं. मग ब्रश माझ्याकडे दिला. "तूच मार."

आजवर शेडमध्ये शेवटचा हात ह्यांचा. मी घासायचं, पुसायचं, भरायचं, शेवटी हे येणार. मी म्हटलं, रुसू नका, तुमचं काम तुम्ही करा. म्हणाले, "तुझा हात सरळ जातो."

तीस वर्षांत माझ्या हाताला चांगलं म्हणाले नव्हते. टोमणा आहे की काय ते कळेना. मारलं मी. हे मागे उभे राहून सांगत होते, हळू आवाजात, भरून घे, कडेपर्यंत ने, परत फिरू नकोस. टेबल झालं सुद्धा. एक केस अडकला तेवढा.

जिंकल्यासारखं काही वाटत नाही. पाठ मोडली आहे.

मंगळवार

होहो टेबलाचे पाय बसवायला आला होता. ह्यांच्याशी बोलत बसला, मग जाताना मला बाजूला घेतलं. "वहिनी, दादांचा हात बघितला का?"

मी म्हटलं, हात खिशात असतो, काय बघू. तो म्हणाला, "तेच म्हणतो." आणि हो हो करत गेला. ह्या माणसाला सरळ बोलायला काय होतं. मला वाटतं ह्यांनी त्याच्याकडे माझी कागाळी केली असणार, आता मला कामाला हात लावू देत नाही, सगळं स्वतःच्या हातात घेतलंय, वगैरे. दोघं जुने मित्र.

रात्री हे झोपेत लाथा मारतात. माझी झोप होत नाही.

सोमवार

टेबल दुकानात जाऊन बरेच दिवस झाले. मी लिहिलं नाही कारण लिहायला होतं काय, रोज कपड्यांवर धूळ आणि दुकानाच्या निरोपाची वाट.

आज मालकीणबाईने बोलावलं. दोघं गेलो. रस्ता ओलांडताना हे मध्येच थांबले, पाय जमिनीला चिकटल्यासारखे. मागून रिक्षावाला ओरडला. मी दंड धरून ओढलं. म्हटलं, इथे कसला विचार करताय.

टेबल छान होतं. एक वर्तुळ नाही. पोरं दिवसभर ओल्या फडक्याने पुसतात, कॉफी सांडते, कुणी उकळती किटली ठेवली होती, काही नाही. मालकीणबाई खूश. मग तिने टेबलाची एक कड दाखवली. कुणीतरी लोखंडी स्टँड ओढत नेला होता, लांब ओरखडा, खाली लाकूड दिसत होतं.

"एवढा तेवढा भरून द्या, ताई."

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे वाकून बोटाने चाचपत होते, डाव्या हाताने. म्हणाले, "हे भरत नाही. जुनं नव्याला धरत नाही, कड दिसत राहते. सगळं खरवडून पहिल्यापासून मारावं लागेल."

"आणि तुमचं ते आधीचं?"

"ते लगेच डागतं. पण लगेच जातं पण. बोळा फिरवला की खालचा थर विरघळतो आणि परत एक होतो."

एवढं लांब वाक्य ह्यांच्या तोंडून कित्येक दिवसांत ऐकलं नव्हतं. मला धडकी भरली, आता हे लाखच लावा म्हणतात की काय. पण मालकीणबाई हसली. म्हणाली, काका, माझ्याकडे रोज बोळा फिरवायला कोण बसलंय, ओरखडे पडू देत, वर्तुळं नकोत. सगळी टेबलं तुमची.

काम मिळालं. शेडचं कुलूप टळलं. परत येताना मी बोलत होते, किती डबे लागतील, कोण काय करणार, होहोच्या मागे आजपासूनच लागायला हवं. हे मागे पडत होते. मी थांबायची, हे यायचे, मी पुन्हा पुढे. नीट चाला की, म्हटलं, आनंदाचा दिवस आहे.

मंगळवार

हे कसं लिहायचं ते मला येत नाही. घडलं तसं लिहिते.

दुपारी होहोकडे गेले होते. तो घरी नव्हता, म्हणून लवकर परतले. हे जेवायच्या टेबलाशी बसले होते. टेबलावरचं कापड काढून टाकलेलं. ते कापड मी गेल्या महिन्यापासून बघतेय, ह्यांनीच घातलं होतं, पूर्ण टेबलभर, मी म्हटलं होतं आता कुठून ही हौस.

कापडाखाली ह्यांच्या बाजूला पांढरं. वर्तुळं, ओघळ, थेंब, एकावर एक. माझ्याकडची बाजू गडद तांबडी, चेहरा दिसेल अशी. फक्त ह्यांच्याकडची गेलेली. आणि त्या पांढऱ्यावर चट्टेच चट्टे, खरखरीत, बोळा थांबल्याचे. नवे जुने सगळे. मी नसताना काढायला बसत असणार, आणि काढता काढता अजून बिघडवत असणार.

बोळा ह्यांच्या हातात होता. टेबलाच्या बरोबर वर. हात तिथेच थरथरत होता. खाली येत नव्हता आणि बाजूलाही होत नव्हता.

मी पहिल्यांदा टेबलावर ओरडणार होते. तोंड उघडलं होतं. मग फळ्या आठवल्या, ओट्याजवळच्या, त्यावरचे चहाचे ओघळ, आणि मी वहीत लिहिलेलं, ह्यांची चाचणी.

बसले समोर. मी म्हटलं, किती दिवस.

"हाताचं थंडी संपल्यापासून असेल." मग म्हणाले, "वास कधी गेला माहीत नाही. त्या फळीच्या वेळी कळलं. मला सगळंच वाळलेलं वाटतं."

मी म्हटलं, मला सांगता येत नव्हतं?

"तू फाटकावर बसवणार होतीस."

ते मी बोलले होते, ह्याच वहीत आहे.

मग मी बोळा ह्यांच्या हातातून घेतला. बोटं उघडायला वेळ लागला, एकेक करून उघडली. नवीन कापड गुंडाळलं, लाख घेतली, स्पिरिट जरा जास्त. हे म्हणाले, "दाबू नकोस." मग म्हणाले, "फिरताच टेकव." मी म्हटलं, ठाऊक आहे. टेकवला. पांढरं आधी ओलं झालं, मग मळकट, मग खालून तांबडं वर यायला लागलं. वर्तुळं गेली. चट्टे सगळे नाही गेले, ते घासावे लागतील, काचपेपर बारीक आणून. हे सांगत होते, आता कडेला, आता आठच्या आकड्यासारखा, थांबू नकोस. माझा हात भरून आला होता तरी मी थांबले नाही. ह्यांचा हात टेबलावर पडला होता, माझ्याकडच्या बाजूला, हलत होता. ह्यांनी तो खिशात घातला नाही.

होहो संध्याकाळी आला. दारातूनच त्याने ह्यांचा हात बघितला आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, बघितला. त्याने हो हो म्हटलं नाही.

डॉक्टरांकडे परवा जायचं आहे. अशक्तपणा असणार. उन्हाळाभर नीट जेवले नाहीत, त्यात ते थिनर नाकात जातं, दुसरं काय होणार. एखादं टॉनिक देतील, सुया देतील. टेबलं होईपर्यंत मी मारेन, हे सांगतील. मग हात बरा झाला की शेवटचा हात ह्यांचाच, मला त्यात काही हौस नाही.

लेकीला फोन केला. ती रडली. मी म्हटलं, रडायला काय झालं, साधा हात हलतोय.

बुधवार

सकाळी घरातल्या टेबलावर.

चहा, गरम. कप ह्यांच्या बाजूला ठेवला, खाली कापड न घालता. निम्माच भरलेला. ह्यांनी दोन्ही हातांनी घेतला.

सांडला नाही.